मागें फिरलेलें विमान

(आधार : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७)



प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौल हा केवळ एक उतारू आहे, ही गोष्ट वाचतांना सहसा आपल्या ध्यानांत राहत नाहीं. तो बंदिवान आहे, शताधिपति यूल्य ह्याच्या ताब्यांत आहे, आणि इटलीस जाणाऱ्या धान्याच्या गलबतावर त्यास बसविलें आहे. गलबत त्याचें नव्हे, सुकाणू त्याच्या हातीं नाहीं, केव्हां निघावें व कोठें थांबावें हें ठरविण्याचा त्यास अधिकार नाहीं. तरी क्रेत बेटावरील सुंदर बंदर नांवाच्या ठिकाणीं तो सर्वांस सांगतो कीं, प्रवासाचा ऋतु सरला आहे, आतां पुढें जाण्यांत जिवाचा धोका आहे, येथेंच थांबावें. त्याचें कोणी ऐकत नाहीं. शताधिपतीस तांडेल व गलबताचा धनी ह्यांचें म्हणणें अधिक पटतें. शिवाय तें बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचें, म्हणून बहुतेकांचें मत निघण्याकडे पडतें. आणि नेमका त्याच वेळीं दक्षिणेकडील मंद वारा सुटतो. मग काय विचारावें! सर्वांस वाटतें, आपला बेत सिद्धीस गेला.

ह्या मंद वाऱ्याविषयीं आज लिहावें असें आमच्या मनांत आहे. परंतु आमच्या भोर व वेल्हें भागांतील बंधुभगिनींस समुद्र दूर आहे, आणि विमान मात्र दररोज डोक्यावरून जातें. म्हणून गलबत थोडा वेळ बाजूस ठेवून विमानाची गोष्ट सांगतों. (वेल्हें तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे, पण आमचा हात जुन्या नांवास सरावला आहे.)

मोठ्या विमानांत शेंदोनशें लोक बसतात. उतारू व वैमानिक ह्यांच्या मध्यें बंद दार असतें, आणि उतारूनें कितीहि घाई केली तरी ती त्या दारापलीकडे पोंचत नाहीं. लहान खासगी विमानाची गोष्ट निराळी. त्यांत तीन-चार माणसें खांद्यास खांदा लावून बसतात, आणि चालविणारा बहुधा त्यांतल्याच कोणाचा तरी मित्र असतो. सेसना १७२ ह्या जातीचें विमान घ्या. १९५६ पासून आजवर अशीं ४४ हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. दुसऱ्या कोणत्याहि जातीचीं इतकीं झालीं नाहींत. त्यास एकच एंजिन. पुढें दोन व मागें दोन आसनें. माणसें, सामान व तेल धरून तें सुमारें ११०० किलो भरतें, म्हणजे एखाद्या साध्या मोटारगाडीएवढें. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं १९३२ च्या आक्टोबरच्या १५ तारखेस कराचीहून अहमदाबादेवरून मुंबईस जुहू येथें टपाल आणिलें, तेंहि असेंच एका एंजिनाचें लहानगें विमान होतें, आणि त्यांतील टपालाचें ओझें अवघें २५ किलो होतें. अशा विमानांत किलोकिलोचा हिशेब ठेवावा लागतो.

आमच्या एका स्नेह्याजवळ असें चार आसनांचें विमान आहे. एका वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस त्यानें आम्हांस व भोर तालुक्यांतील एका वृद्ध गुरुजींस बरोबर घेतलें. लहानपणीं तो ह्याच गुरुजींच्या हाताखालीं शिकला होता. बारामतीच्या धावपट्टीवरून निघावें, नीरा नदीच्या कांठाकांठानें पश्चिमेस जावें, भोरावरून तोरण्याच्या बाजूस एक वळसा घालावा व परत यावें, असा बेत होता, आणि त्यास लागणाऱ्या परवानग्या स्नेह्यानें आधींच मिळविल्या होत्या. गुरुजींचें गांव वेळवंडीच्या खोऱ्यांत आहे. त्यांनीं आठ दिवस आधीं तेथें सांगून ठेविलें होतें कीं, शाळेच्या मैदानांत पांढरीं लुगडीं व धोतरें अंथरावीं, मुलांनीं भोंवतीं उभें राहून हात हालवावे, आम्ही वरून पाहूं. ज्या गांवांत त्यांनीं उभा जन्म भूगोल शिकविला, त्या गांवावरून ते स्वतः आकाशमार्गें जाणार होते. त्यांच्या आनंदाचें वर्णन काय करावें?

निघण्यापूर्वीं स्नेह्यानें आमचीं वजनें विचारलीं. दोन-चार किलो कमी सांगण्याची माणसाची रीत आहे. तो ती जाणून होता, म्हणून त्यानें कांटाच आणून पुढें ठेविला. मग टांकीच्या तळच्या तोटीतून थोडें तेल कांचेच्या पेल्यांत काढून तें उजेडांत धरिलें. ह्या विमानांत घालावयाच्या तेलास निळसर रंग दिलेला असतो. त्यांत पाणी शिरलें असल्यास तें तळाशीं बसतें व वेगळें दिसतें. रात्रीच्या गारव्यानें टांकींत दंव धरतें, आणि तेवढें पाणी एंजिनाचा श्वास कोंडावयास पुरे होतें. नंतर तो विमानाभोंवतीं एक फेरा फिरला. पंखांच्या कडेवरून हात फिरविला, बिजागऱ्या हालवून पाहिल्या, चाकांपाशीं वांकला. हातांत छापील यादी होती, आणि प्रत्येक बाब तो मोठ्यानें वाचीत होता. गुरुजी म्हणाले, "अरे, शेंकडों वेळां उडालास, आणि अजून यादी बघतोस?" तो म्हणाला, "गुरुजी, पाठ झाली आहे म्हणूनच वाचतों. पाठ झालेलेंच सुटतें."

आमच्या उपदेशक बंधूंनीं हें उत्तर आपल्या वहींत टिपून ठेवावें. पाठ झालेल्या प्रार्थनेंतील कोणता शब्द आपल्या तोंडून नुसताच निघून जातो, हें एकदां तेलाप्रमाणें उजेडांत धरून पाहण्यासारखें आहे. असो.

बारामतीस आकाश निर्मळ होतें. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी जेमतेम हालत होती. वर गेल्यावर नीरेचें पात्र, कालवे, उंसाचे हिरवे चौकोन, पुढें वीर धरणाचें पसरलेलें पाणी, आणि त्यापुढें शिरवळापाशीं पुणें-साताऱ्याचा हमरस्ता आडवा गेलेला दिसला. परंतु पश्चिमेस पांढरी भिंत उभी होती. त्या प्रदेशाचा हा नित्याचाच धर्म आहे. समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीस अडून वर चढतो, निवतो, आपलें पाणी घाटमाथ्यावर व मावळांत टाकतो, आणि कोरडा होऊन देशावर उतरतो. म्हणूनच वेल्ह्यास बारामतीच्या कित्येक पट पाऊस होतो. आणि बारामतीस लख्ख ऊन पडलें असतां शंभर किलोमीटरांवर डोंगर ढगांत बुडालेले असूं शकतात. तोरणा १४०३ मीटर उंच आहे. त्या दिवशीं ढगांचा तळ त्याच्या माथ्याहून पुष्कळ खालीं होता. भोर शहर अंधुक दिसलें, भाटघरच्या पाण्याचें एक टोंक चमकलें, आणि त्यापुढें कांहींच नाहीं.

स्नेही म्हणाला, "येथून परत."

गुरुजी म्हणाले, "अरे, गांव पांच मिनिटांवर आहे. मुलें सकाळपासून उभीं असतील."

"ठाऊक आहे, गुरुजी."

"ह्या खोऱ्यांतला दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे. डाव्या अंगानें गेलास तर—"

"गुरुजी, डोंगर दिसत नाहीं म्हणजे डोंगर नाहीं, असें नव्हे."

आणि विमान वळलें. शिरवळ मागें पडेपर्यंत कोणी बोललें नाहीं.

वाचकहो, येथें गुरुजींस दोष देणें सोपें आहे. पण त्यांच्या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे. त्यांस कोणता लाभ साधावयाचा नव्हता. त्यांनीं मुलांस शब्द दिला होता. लोभानें केलेली घाई माणसास ओळखतां येते, व तिचा धिक्कारहि करतां येतो. प्रेमानें केलेली घाई ओळखूं येत नाहीं. ती कर्तव्याचा वेष घेऊन येते. आणि जो सुकाणूवर बसला आहे तो जर आपला शिष्य, आपला जांवई किंवा आपला मित्र असेल, तर आपला एक शब्द त्याच्यावर केवढा भार घालतो! कांट्यावर आमचीं वजनें मोजलीं गेलीं. ह्या भाराचें वजन कोणत्या कांट्यानें मोजावें?

न दिसणारा डोंगर काय करतो, हें आपल्या पुणें जिल्ह्यास ठाऊक आहे. १९६२ च्या जुलैच्या ७ तारखेस इटलीच्या आलितालिया कंपनीचें मोठें विमान बँकॉकहून मुंबईस येत असतां जुन्नरच्या डोंगरांत आदळलें, आणि त्यांतील सर्वच्या सर्व ९४ माणसें मरण पावलीं. विमानांत बिघाड नव्हता. आपण मुंबईच्या अगदीं जवळ आलों अशा समजुतीनें तें वेळेपूर्वींच खालीं उतरूं लागलें होतें, आणि मध्यें सह्याद्रि उभा होता.

दुसरें उदाहरण लहान विमानाचें आहे, व तें आमच्या मराठी मुलखाच्या अधिक जिव्हाळ्याचें आहे. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे ह्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेडचें. १९९१ पासून १९९३ पर्यंत ते देशाचे विमान वाहतूक मंत्री होते, आणि १९९३ सालीं एका विमानाच्या अपघातांत कोणी दगावलें नसतांहि त्यांनीं नैतिक जबाबदारी मानून पद सोडलें होतें. असा हा विचारी पुरुष. २००१ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस कानपूरच्या सभेस जाण्याकरितां ते दिल्लीहून एका लहान खासगी विमानांत बसले. बरोबर त्यांचे सचिव होते, वृत्तपत्रांचे व दूरचित्रवाणीचे चार तरुण बातमीदार होते, आणि दोन वैमानिक. वाटेंत हवा बिघडली होती. मैनपुरीजवळ विमान पडलें व आठही जण गेले. सभा कानपुरांत वाट पाहत होती. सभा, मुलें, मंडळी, वऱ्हाड, कोणी ना कोणी पुढें वाट पाहत असतेंच. उतारूचा सारा जीव त्या पुढच्या ठिकाणीं लागलेला असतो, आणि देह मात्र ढगापाशीं असतो.

कोणी विचारील, ढगांत शिरलें तर इतकें काय बिघडतें? थोडें धुकेंच ना? ह्याचें उत्तर ऐकण्यासारखें आहे. माणसाच्या कानाच्या आंत बारीक नळ्या आहेत. त्यांत द्रव असतो, आणि डोकें वळलें कीं तो हालतो, म्हणून वळण आपणांस कळतें. परंतु एकसारखें वळतच राहिल्यास थोड्याच सेकंदांत तो द्रवहि त्याच गतीनें फिरूं लागतो, आणि वळण्याची जाणीवच नाहींशी होते. विमान कलून चक्राकार खालीं जात असतां आंतल्या माणसास वाटतें कीं आपण सरळ चाललों आहों. पेल्यांतील पाणीदेखील सांडत नाहीं! डोळ्यांस जमीन दिसत असली तर ते कानाची चूक सुधारतात. ढगांत डोळे निकामी होतात. यंत्रांचे कांटे वाचण्याचें पक्कें शिक्षण ज्यास नाहीं, तो तेथें स्वतःच्याच देहाकडून फसविला जातो.

१९५४ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत ह्याची परीक्षा घेण्यांत आली. यंत्रांवर विसंबून उडण्याचा अनुभव नसलेले २० वैमानिक निवडले, प्रत्येकाच्या शेजारीं जाणता वैमानिक बसविला, आणि बाहेरचें कांहीं दिसणार नाहीं अशी योजना केली. विसांपैकीं वीसही जणांचा विमानावरील ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेंहि नाहींत. गुरुजींचें गांव पांच मिनिटांवर होतें.

पण त्या परीक्षेचा हेतु निव्वळ नापास करण्याचा नव्हता. त्या लोकांस नंतर एक साधी कृति शिकविली गेली. ढगांतून पार कसें जावें, ही ती कृति नव्हे. न घाबरता, कांट्यांकडे पाहून, हळू हळू अर्धें वर्तुळ पुरें करून आलों त्या वाटेनें मागें कसें फिरावें, एवढेंच शिकविलें. शिकल्यावर तेच लोक जवळजवळ दर वेळीं सुखरूप वळूं लागले. आम्हांस ह्या गोष्टीचें फार नवल वाटलें. जुन्या करारांत संदेष्टे लोकांस पश्चात्तापास बोलावितात तेव्हां त्यांच्या तोंडीं 'शूब' हा इब्री शब्द असतो, आणि त्याचा साधा अर्थ मागें फिरणें, परत येणें एवढाच आहे. आपण पश्चात्ताप म्हटला कीं रडणें समजतों. तें रडणें खरें असेल; परंतु ज्यानें रडत रडत तोच मार्ग धरून ठेविला, तो ढगांत अधिक आंत गेला.

आतां आमच्या उपदेशक बंधूंशीं थोडें स्पष्ट बोलतों. तुम्हांपैकीं फारच थोडे विमानांत बसतील. परंतु जुलै-आगस्टांत ओढ्यावरील फरशीवरून पाणी वाहत असतां मोटारसायकल घालून पलीकडील वस्तीवर उपासनेस गेलेले पुष्कळ आहेत, आणि तसे गेल्याबद्दल त्यांची वाहवाहि झाली आहे. "देवाचें काम आहे, कांहीं होणार नाहीं," असें म्हणून मंडळीच त्यांस पाण्यांत लोटते. हें वचन ऐकावयास विश्वासाचें वाटतें. परंतु मंदिराच्या शिखरावर प्रभूस हेंच तर सुचविण्यांत आलें होतें, कीं खालीं उडी टाक, दूत झेलतील. आणि सुचविणाऱ्याच्या तोंडीं शास्त्रवचन होतें. प्रभूनें उडी टाकिली नाहीं. त्यांत त्याचा विश्वास तसूभरहि उणा झाला नाहीं. मग फरशीवरून परत फिरलेल्या उपदेशकास पुढच्या रविवारीं कोपरखळ्या कां मारल्या जाव्यात? ज्या मंडळीस आपला सेवक हवा आहे, तिनें त्यास "आज येऊं नका" असा निरोप स्वतः होऊन धाडावा. पावसाळा लागण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एकत्र बसून हें ठरवून ठेवावें. पाणी चढल्यावर ठरविण्यास वेळ नसतो.

कोणी म्हणेल, हें सर्व शहाणपण झालें. ह्यांत देव कोठें आहे? त्यास आम्ही पुन्हां पौलाच्या गलबतावर नेतों. तुफानाच्या चौदाव्या रात्रीं काय घडलें तें पाहा. पौलास देवाच्या दूताकडून स्पष्ट अभिवचन मिळालेलें आहे कीं गलबतावरील एकाचाहि नाश होणार नाहीं. तें त्यानें सर्वांस सांगितलेंहि आहे. इतक्यांत खलाशी नांगर टाकण्याचें निमित्त करून होडी खालीं सोडतात; त्यांस पळून जावयाचें आहे. तेव्हां पौल काय म्हणाला? अभिवचन आहे, जाऊं द्या त्यांस, असें म्हणाला काय? नाहीं. तो शताधिपतीस बजावतो कीं हे लोक गलबतावर राहिले नाहींत तर तुमचा बचाव नाहीं. ज्यांनीं त्याचा सल्ला झिडकारला होता, त्यांच्याच कसबाची तो गरज सांगतो. आणि शिपाई दोर कापून होडी वाहून जाऊं देतात. देवाचें अभिवचन व खलाशाचा हात ह्यांत पौलास विरोध दिसला नाहीं. पहाटे त्यानें भाकर घेतली, देवाचे आभार मानले व सर्वांस खावयास लाविलें. गलबत फुटलें, पण २७६ माणसें मिलिता बेटाच्या किनाऱ्यास जिवंत लागलीं.

आमच्या स्नेह्याच्या कांचेच्या पेल्याकडे, त्याच्या यादीकडे व शिरवळापलीकडील त्या वळणाकडे आम्ही ह्याच दृष्टीनें पाहतों. तो देवभीरु गृहस्थ आहे. निघण्यापूर्वीं त्यानें डोळे मिटून दोन शब्दांची प्रार्थना केली, ती तेल तपासून झाल्यावर केली. हा क्रम आम्हांस आवडला.

आतां गुरुजींचें काय झालें तें सांगतों, कारण वाचकांच्या मनांत तें राहिलें असेल. बारामतीस उतरल्यावर त्यांनीं चहा घेतला नाहीं. एस. टी. नें भोर, व भोराहून शेवटच्या गाडीनें गांव गांठलें तोंपर्यंत दिवस मावळला होता. मैदानांतील लुगडीं पावसानें भिजलीं होतीं. बाया तीं पिळून घड्या घालीत होत्या. गुरुजींस पाहतांच सर्वजणी थांबल्या. त्यांनीं वाटेंत पुष्कळ शब्द जुळवून ठेविले होते. पण तोंडून एवढेंच निघालें कीं, पुढें दिसत नव्हतें, म्हणून त्यानें विमान फिरविलें.

त्यांत एक म्हातारी होती. तिचा नवरा धरणाच्या पाण्यांत होडी चालवीत असे. ती म्हणाली, "बरं केलं, गुर्जी. आमचं मालक बी वारं सुटलं की होडी काठाला वढून ठेवायचं. लगीन असू नायतर मयत असू. लोकं लई बोलायची त्यास्नी. पर एक माणूस बुडू दिला न्हाय." आणि तिनें आपल्या सुनेस गुरुजींकरितां भाकरी टाकावयास सांगितलें.

मुलांनीं मात्र त्यांच्याशीं दोन दिवस अबोला धरिला.